भुंग्याचे भोक बुजवण्याआधी

शिमगा झाला, फाल्गुन सरत आला, की गावाकडच्या जुन्या घरांतून एक आवाज सुरू होतो. दुपारी ओसरीवर जरा कुठे डोळा लागावा, तोच डोक्यावर घुंऽऽ करीत काहीतरी फिरू लागते. वर पाहावे तर चांगला अंगठ्याच्या पेराएवढा काळाकुट्ट भुंगा. तुळईजवळ जातो, थबकतो, मागे सरतो, पुन्हा जातो. उन्हाच्या कवडशात आला की पंख निळे-जांभळे चमकतात. पोरे टॉवेल घेऊन मागे धावतात, बाया डोक्यावर पदर घेतात आणि घरचा कर्ता माणूस रॉकेलची बाटली नाहीतर सिमेंटचे घमेले शोधू लागतो.

माझ्या मामांच्या घरी दोन वर्षांपूर्वी हेच झाले. पारनेरकडचे माळवदाचे जुने घर. सागाची तुळई आजोबांच्या वेळची. चैत्रात मामीच्या लक्षात आले की, पिठाच्या डब्यावर रोज सकाळी लाकडाचा भुसा पडलेला असतो.

"झाडून ठिवलं का परत पडतोय. वर काय सुतार बसलाय का काय?" मामी म्हणाली.

सुतारच बसला होता. तुळईला खालच्या अंगाने करंगळी जाईल एवढे गोल भोक. गिरमिटाने पाडावे तसे साफ. मामांनी आव पाहिला ना ताव, सिमेंट कालवले आणि भोक लिंपून टाकले. तिसऱ्या दिवशी रात्री तुळईतून करकर असा आवाज येऊ लागला. पाचव्या दिवशी पहिल्या भोकापासून वीतभर अंतरावर दुसरे भोक! एकाचे दोन झाले. आत कोंडलेली मादी लाकूड कुरतडून बाहेर आली होती.

हा प्रकार अनेक घरांत घडतो. दोष कुणाचाच नाही. घर वाचवायचे म्हणून माणूस भोक बुजवतो आणि घराचे नुकसान वाढवून बसतो. शिवाय आणखी एक नुकसान होते, ते शेतात होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या भुंग्याची नीट ओळख करून घेणे शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे.

भुंगा कोण, भुंगेरा कोण?

आपल्याकडे 'भुंगा' हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. हुमणीचा भुंगेरा, नारळावरचा गेंड्या भुंगा आणि घरातला हा काळा भुंगा, सगळे एकाच नावाने ओळखले जातात. त्यात घोटाळा आहे. हुमणीचे भुंगेरे वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर बसतात. त्यांच्या पाठीवर टणक कवच असते. ते गोळा करून मारावेत हे कृषी खाते सांगते आणि ते बरोबरच आहे.

घरातला काळा भुंगा मात्र कवचाचा किडा नव्हे. तो मधमाशीच्या गोतातला आहे. त्याला चार पातळ पंख असतात, पायांवर दाट केस असतात आणि त्या केसांना फुलातला पराग चिकटतो. लाकूड कोरून घर करणारी ही मोठी माशी, म्हणून तिला सुतारमाशी म्हणणे योग्य होईल. शास्त्रज्ञ या कुळाला झायलोकोपा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही लाकूडतोड्या असाच आहे. आपल्या भागात हिच्या अनेक जाती आहेत. काही अंगभर काळ्या, तर काहींच्या पाठीवर पिवळी मखमल असते. एका जातीतली मादी काळी-पिवळी आणि नर आख्खा पिवळाधमक. त्यामुळे ही दोन वेगळी पाखरे आहेत असेच पोरांना वाटते.

लाकूड कोरणारा भ्रमर आपल्या लोकांनी फार पूर्वीच पाहिलेला आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाला दृष्टांत दिला आहे तो याच भुंग्याचा. कसलेही कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा त्याचा भाव. मधमाशी लाकूड कोरीत नाही. तेव्हा माउलींच्या डोळ्यांपुढे हाच भुंगा असणार, असे मला वाटते.

वसंतातच का?

थंडीत हे भुंगे जुन्या भोकांतून गपगार पडून असतात. ऊन तापू लागले, शेवगा, पळस, करंज फुलू लागले की त्यांना जाग येते. नर-मादीची गाठ पडते आणि मादी घर शोधायला निघते. तुमच्या ओसरीवर घिरट्या घालणारी ती हीच. तिला तुमच्याशी काही देणेघेणे नसते. तिला हवे असते कोरडे, ऊनपावसापासून आडोशाला असलेले लाकूड. तुळई, वासे, दाराची चौकट, गोठ्याची मेढ, बैलगाडीचे जुने जू, कुंपणाचा वाळका बांबू, यातले काहीही चालते. गेल्या सालचे जुने भोक सापडले तर तेच झाडूनपुसून ती पुन्हा वापरते.

थंड मुलखातही वसंतात असेच दृश्य दिसते. इंग्लंडमध्ये मार्चच्या सुमारास बंबलबी नावाच्या जाड, केसाळ माशीची राणी घराभोवती, बागेत जमिनीलगत घिरट्या घालताना दिसते. ती हिवाळाभर मातीत एकटीच झोपलेली असते. वसंतात उठून ती उंदराचे जुने बीळ किंवा गवताचा झुबका शोधते आणि पहिली पिले एकटीच वाढवते. त्या दिवसांत ती राणी मेली तर पुढची सगळी वसाहतच बुडाली. म्हणून तिकडे लोकांना सांगतात की, वसंतातल्या राणीला मारू नका. बंबलबी आपल्या देशात काश्मीर, हिमाचलसारख्या हिमालयाच्या थंड पट्ट्यात आहे, दख्खनवर नाही. आपल्याकडे तिच्या जागी हा भुंगा.

फरक एवढाच की, भुंग्यांत राणी आणि कामकरी असा भेद नाही. प्रत्येक मादी स्वतःच राणी, स्वतःच मजूर आणि स्वतःच गवंडी.

तुळईच्या आत काय चालते?

भोक पाडून मादी आत शिरते आणि लाकडाच्या रेषेने वळून वीतभर लांब बोगदा कोरते. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भुंगा लाकूड खात नाही. त्याचे खाणे म्हणजे फुलांतला मध आणि पराग. कोरलेला भुसा तो बाहेर टाकतो, तोच आपल्या पिठाच्या डब्यावर पडतो.

बोगदा झाला की मादी रानात जाते, पराग आणते, त्यात मध कालवून एक लाडू वळते. लाडू बोगद्याच्या टोकाला ठेवते, त्यावर एकच अंडे घालते आणि भुसा लाळेत मळून पुढे भिंत घालते. मग दुसरा लाडू, दुसरे अंडे, दुसरी भिंत. असे ओळीने काही खण. किडामुंगीच्या जगात सर्वांत मोठी अंडी याच कुळातली. काही जातींचे अंडे दीड सेंटिमीटर लांब भरते. जिचे अंडेच एवढे मोठे, ती घालणार तरी किती? मधमाशीची राणी हंगामात दिवसाला हजारावर अंडी घालते. भुंग्याची मादी एका खेपेला मोजकीच घालते. म्हणजे एक मादी मेली, तर भरून यायला वेळ लागतो.

अंड्यातून निघालेली अळी लाडू खाऊन वाढते. दीड-दोन महिन्यांत नवा भुंगा तयार होतो. पोरे मोठी झाली तरी काही दिवस आईच्याच घरात राहतात आणि आई त्यांना बाहेरून आणलेला मध भरवते.

मी हे सांगितले तेव्हा मामा तुळईकडे बघत म्हणाले, "म्हंजे आपण बाळंतिणीच्या खोलीला कुलूप घातलं व्हय!"

शेतात ती काय करते?

आता मुद्द्याचे. वांग्याचे फूल नीट पाहा. मध्ये पिवळ्या रंगाचा उभा सुळका असतो. पराग त्या सुळक्याच्या नळ्यांत बंद असतो आणि बाहेर यायला टोकाशी बारीक छिद्रे असतात. मिठाची डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसे हे फूल हलवल्याशिवाय पराग सोडत नाही. मधमाशीला हे जमत नाही. भुंगा मात्र फुलाला कवटाळतो, पंख मिटून घेतो आणि छातीचे स्नायू जोराने थरथरवतो. त्यावेळी त्याचा आवाज बदलतो. उडतानाचा घुंघुं जाऊन बारीक, तीक्ष्ण झणझण होते. पराग भसकन त्याच्या पोटावर पडतो. सकाळच्या वेळी वांग्याच्या पट्ट्यात उभे राहिलात तर हा बदललेला आवाज तुम्हाला कानांनी ओळखता येईल.

वांगे भुंग्याशिवाय येतच नाही, असे मी म्हणणार नाही. वाऱ्यानेही फूल हलते आणि काही फळे धरतात. शिवाय वांग्याच्या ज्या फुलांत मधली दांडी आखूड असते ती फुले गळणारच, त्याला भुंगा तरी काय करील? पण लांब दांडीच्या फुलांवर भुंगा बसून गेला की फळधारणा सुधारते. फूलगळ दिसली की आपण लगेच टॉनिकची बाटली आणतो. त्याआधी प्लॉटमध्ये उभे राहून फुलावर कोण येते ते बघण्याला पैसा लागत नाही.

तुरीचे पाहा. तुरीच्या फुलाची खालची पाकळी होडीसारखी मिटलेली असते. भुंगा वर बसला की त्याच्या वजनाने ती दबते आणि आतला पराग पोटाला लागतो. तूर स्वतःच्या परागावरही धरते. पण या झाडाचा पराग त्या झाडावर नेण्याचे काम मोठ्या माश्या आणि भुंगेच करतात. संकरित तुरीच्या बीजोत्पादनाचा सगळा डोलारा याच पाखरांवर उभा आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या संशोधनातून 1991 मध्ये आयसीपीएच 8 हा संकरित तुरीचा वाण आला. त्याचेही बी तयार व्हायला असेच कीटक लागत.

हिरवळीच्या खतासाठी आपण ताग गाडतो. पण तागाचे बी धरायचे असेल तर त्याच्या मोठ्या फुलाला दाब देणारे तेवढेच मोठे पाखरू लागते, तिथेही भुंगाच. शेवग्यावर फाल्गुन-चैत्रात सकाळी भुंग्यांची गर्दी पाहिली असेल. दारातल्या कृष्णकमळावर तर त्याचा हक्कच आहे. त्या फुलाची बांधणीच अशी की, मोठे अंग असलेल्या पाखराच्या पाठीलाच पराग लागावा.

मामीला एवढे सांगितले, तर ती पटकन म्हणाली, "आगं बया, ह्यो आपल्या शेवग्यावरचाच की! मला वाटलं घरातला येगळा आन् शेवग्यावरचा येगळा."

भुंग्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. नळीसारखे लांब फूल असले तर तो कधी कधी बुडाशी चीर पाडून चोरून मध पितो, त्या फुलाच्या परागाचे काम होत नाही. पण जमाखर्च मांडला तर जमेची बाजू कितीतरी भारी आहे.

दुसऱ्यांनी जहाजातून नेले

परागाचे काम करणाऱ्या पाखरांची किंमत ती नसली म्हणजे कळते. न्यूझीलंडमध्ये गोऱ्या शेतकऱ्यांनी जनावरांसाठी तांबडा क्लोव्हर हा चारा पेरला. चारा यायचा, पण बी धरेना. कारण त्या फुलाला लागणारी लांब जिभेची माशी तिथे नव्हती. शेवटी 1885 मध्ये इंग्लंडहून बंबलबीच्या राण्या जहाजातून नेऊन सोडल्या, तेव्हा बियाण्याचा प्रश्न सुटला. युरोपात 1987 च्या सुमारास काचघरातल्या टोमॅटोसाठी बंबलबीच्या पेट्या विकण्याचा धंदा सुरू झाला. त्याआधी तिथे माणसे हातात यंत्र घेऊन एकेक फुलोरा थरथरवीत असत. जे काम तिकडे पेटी विकत घेऊन करावे लागते, ते आपल्याकडे तुळईतली मादी फुकट करते.

आपल्या सह्याद्रीतल्या भुंग्याचे तर जगभरच्या शास्त्रज्ञांना नवल वाटले आहे. भीमाशंकरच्या अभयारण्यात झालेल्या अभ्यासात असे दिसले की, तिथल्या एका जातीचे भुंगे अमावास्येच्या रात्रीही उडतात आणि चांदण्यांच्या प्रकाशात त्यांना रंग ओळखता येतो. हे संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. वारस या रानझाडाची रात्री फुलणारी फुले तिथे हेच भुंगे फळवतात.

मग घराचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. एका भोकाने तुळई पडत नाही. पण वर्षानुवर्षे त्याच लाकडात भोके वाढत गेली तर जुना वासा कमजोर होऊ शकतो. म्हणून घरही राहावे आणि भुंगाही राहावा, अशी तोड काढली पाहिजे.

आधी किडा कोणता ते ओळखा. भुंग्याचे भोक गोल आणि बोट जाईल एवढे असते, खाली जाडसर भुसा आणि कधी पिवळे डाग दिसतात. टाचणीएवढी बारीक भोके आणि पिठासारखी भुकटी दिसली तर तो लाकूड खाणारा वेगळा किडा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. या दोन्हींचा बंदोबस्त जरूर करा, त्यात भुंग्याचा संबंध नाही.

भोक वापरात असेल तर ते बुजवू नका. आतली मादी किंवा पिले दुसरीकडून लाकूड फोडतील आणि नुकसान दुप्पट होईल. दोन-तीन आठवडे पाळत ठेवा. सकाळ-संध्याकाळ कोणी ये-जा करीत नाही आणि ताजा भुसाही पडत नाही अशी खात्री झाली, की लाकडाची खुंटी ठोकून भोक बंद करा आणि सगळ्या लाकडाला रंग किंवा सुतार वापरतात ते बेलतेल लावा. रंगवलेले, तेल पाजलेले लाकूड भुंगा सहसा धरत नाही. त्याला उघडे, करडे पडलेले लाकूड आवडते.

त्याचबरोबर तिला दुसरी जागा द्या. अंगठ्याएवढ्या पोकळीचे वाळके बांबू घ्या. पेराच्या अलीकडे असे कापा की एक तोंड उघडे आणि दुसरे बंद राहील. फूटभर लांबीचे दहा-पंधरा तुकडे तारेने बांधून गोठ्याच्या वळचणीला किंवा वांग्याच्या बांधावरच्या झाडाला आडवे टांगा. तोंड पूर्वेला, पाऊस आत जाणार नाही असे. शेवरीचा, पांगाऱ्याचा किंवा आंब्याचा वाळका ओंडका बांधावर पडू दिला तरी चालते. जुने झाड वठले की आपण मुळासकट काढून बांध साफ करतो. त्या वठलेल्या खोडात किती जणींचे संसार असतात, याचा विचार व्हावा. सिमेंटची घरे आली, लाकूड गेले, बांध साफ झाले. मग बिचारीने जायचे कुठे?

फवारणीचे पथ्यही पाळा. फुलोऱ्यात शक्यतो कीटकनाशक टाळा. अगदीच गरज पडली तर सकाळी फुलावर पाखरे असताना नको, सूर्य मावळल्यावर करा.

नांगीची भीती

भुंगा चावतो का, हा प्रश्न बाया-पोरे हटकून विचारतात. तोंडासमोर येऊन घुमणारा, अंगावर धावून येतो असे वाटणारा बहुधा नर असतो. त्याला नांगीच नसते, नुसती गुरगुर. मादीला नांगी असते, पण हातात धरली, कपड्यात चेंगरली तरच ती डंख मारते. डंख चांगलाच झोंबतो आणि मधमाशीसारखी तिची नांगी तुटून राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा मारू शकते. म्हणून पोरांनी भुंगा पकडून काडेपेटीत घालण्याचा खेळ करू नये. डंखानंतर कुणाला अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

गावाने काय करावे?

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही करावी, अशी तरतूद आहे. पुष्कळ नोंदवह्यांत झाडे, जनावरे, पक्षी यांची नावे असतात. भुंग्याला तिथे जागा का नसावी? कोणत्या जुन्या वाड्यात, कोणत्या वठलेल्या झाडात भुंगे आहेत हे शाळेची पोरेसुद्धा एका आठवड्यात लिहून आणतील. सरपंच आणि ग्रामसभेने मनावर घ्यावे, यात खर्च काही नाही. रस्त्याकडेचे वठलेले झाड धोक्याचे नसेल तर त्याचे खोड पुरुषभर उंचीचे तरी उभे ठेवावे.

मामांच्या घरचे सांगून थांबतो. त्यांनी त्या वर्षी पावसाळ्यानंतर तुळईला बेलतेल पाजले आणि गोठ्याला बांबूची मोळी टांगली. पहिल्या चैत्रात तिच्याकडे कोणी फिरकले नाही. शेजाऱ्यांनी चेष्टा केली, "काय पाव्हणं, भुंग्याला भाड्यानं खोल्या दिल्या म्हनं!" मामा गप्प राहिले. यंदा शिमग्यानंतर मी गेलो, तर मोळीतल्या दोन नळ्यांच्या तोंडाशी ताजा भुसा होता आणि मामी खाली उभी राहून वर बघत होती.

"आली बरं का," ती हळूच म्हणाली. "घरात भुसा पडंना आन् शेवग्यावर रोज हाय."